‘मिस्टर शिफ्टी’चे परीक्षक

वाङ्मयीन मासिकाच्या पानांवर व्हिडिओ गेमची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल, आणि तो गैर नाही. ह्या मासिकाचा वाचकवर्ग मुख्यतः बदलीच्या नोकरीपायी मराठी मुलखाबाहेर राहणारा आहे. कार्यालयातून घरी परतल्यावर त्याच्या वाट्यास जो थोडासा वेळ येतो, त्यावर कथा-कवितेचा पहिला हक्क आहे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या घरात आपण हे मासिक वाचतो, त्याच घरात शेजारच्या खोलीत मुले हे खेळ खेळत असतात. आणि नुसती खेळत नसतात, तर त्यांविषयी मोठ्या हिरिरीने मते मांडत असतात. कोणता खेळ कसदार, कोणता नुसताच भपकेबाज, कोणता दुसऱ्याची नक्कल, हे त्यांचे वाद आणि नाटक पाहून परतताना होणारे आपले वाद ह्यांत जातीचा फरक फारसा नाही. जेथे रसिकांची मते जुळत नाहीत आणि ती का जुळत नाहीत हे सांगण्याची निकड भासते, तेथे टीका जन्मास येते. तशी टीका ह्या खेळांविषयी जगभर विपुल लिहिली जात आहे. तिच्यापैकी एका प्रकरणाचा येथे विचार करावयाचा आहे, कारण त्यातील खेळ आम्ही ज्या शहरात नोकरी करतो त्या बेंगळूरुत तयार झाला, आणि त्याचा न्यायनिवाडा मात्र बव्हंशी परदेशात झाला.

‘मिस्टर शिफ्टी’ हा खेळ बेंगळूरुच्या ‘टीम शिफ्टी’ ह्या छोट्या मंडळींनी रचला आणि ‘टायनीबिल्ड’ ह्या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने तो १३ एप्रिल २०१७ रोजी संगणकासाठी व निन्टेन्डो कंपनीच्या ‘स्विच’ ह्या यंत्रासाठी प्रसिद्ध केला. पुढे त्याच वर्षी तो इतर यंत्रांवरही आला. कथा म्हणाल तर अगदी बेताची. एका बलाढ्य, दुष्ट धनिकाच्या उंच इमारतीत शिफ्टी नावाचा चोर शिरतो. त्यास प्लुटोनियम पळवावयाचे आहे. आणि इमारतीत सशस्त्र पहारेकऱ्यांची रीघ लागलेली आहे. घराचे छप्पर काढून आत डोकावावे तशी प्रत्येक मजल्याची मांडणी आपणांस वरून दिसते. कोणत्या खोलीत किती माणसे आहेत, कोणाच्या हाती काय आहे, दार कोठे आणि भिंत कोठे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. एक गोळी लागली की शिफ्टी मरतो आणि तो भाग पुन्हा खेळावा लागतो.

इतके वर्णन अशा शेकडो खेळांस लागू पडेल. ‘मिस्टर शिफ्टी’चे वेगळेपण एका कल्पनेत आहे. कळ दाबताच शिफ्टी जेथे उभा असतो तेथून नाहीसा होतो आणि काही पावलांवर प्रकट होतो. मध्ये भिंत असली तरी ती त्यास अडवीत नाही. अशा झेपा त्यास लागोपाठ पाचच घेता येतात. पाचही खर्ची पडल्या की त्या पुन्हा भरेपर्यंत तो सामान्य माणसाप्रमाणे उघडा पडतो. शत्रूकडे बंदुका आहेत, शिफ्टीकडे मुठी. फार तर वाटेत सापडलेला एखादा दांडका किंवा झाडू, तोही चार तडाख्यांत मोडणारा. पडलेली बंदूक तो उचलीत नाही. झुंज चालू असताना एक पट्टी भरत जाते, आणि ती पूर्ण भरल्यावर काळ क्षणभर मंदावतो व हवेतल्या गोळ्यांमधून वाट काढता येते. सारा खेळ ह्या सामग्रीवर उभारलेला आहे.

परीक्षणे आली ती संमिश्र. झेपेची कल्पना जवळजवळ सर्वांनी वाखाणली. भिंतीआड नाहीसे होऊन पहारेकऱ्याच्या पाठीशी उगवण्यात जी मौज आहे, ती बहुतेकांनी मोकळ्या मनाने कबूल केली. दोष दाखविले गेले ते मुख्यतः तीन. पहिला असा की, २०१२ साली आलेल्या ‘हॉटलाइन मायामी’ ह्या गाजलेल्या स्वीडिश खेळाचे ऋण फार मोठे आहे. दुसरा असा की, खेळ थोड्या तासांत संपतो आणि तेवढ्यातही पुनरुक्ती होते. तिसरा विशेषतः ‘स्विच’वरील आवृत्तीबाबत होता: पडद्यावर शत्रूंची व स्फोटांची गर्दी झाली की चित्र अडखळते. ह्या तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु त्यांचे परस्परांतील मोल परीक्षकांनी नीट तोलले असे आम्हांस वाटत नाही. ज्या आक्षेपास त्यांनी समीक्षेचा मान दिला तो उथळ होता, आणि जो त्यांनी यंत्रदुरुस्तीच्या सदरात टाकला तोच ह्या कृतीच्या गाभ्याशी भिडणारा होता.

प्रथम ऋणाचा प्रश्न घेऊ. ‘हॉटलाइन मायामी’त दृष्टिकोन वरूनच आहे, एकाच गोळीत मरणे आहे, आणि क्षणार्धात पुन्हा आरंभ करणेही आहे. तेव्हा साम्य उघड आहे. परीक्षकांनी ह्याखेरीज एक्स-मेन कथांतील अंतर्धान पावणाऱ्या नाइटक्रॉलरचे आणि काळाशी खेळणाऱ्या ‘सुपरहॉट’चेही स्मरण करून दिले. उगम दाखविणे हे टीकाकाराचे काम आहे, ह्याविषयी वाद नाही. परंतु उगम दाखविला म्हणजे टीका पूर्ण झाली, ही समजूत मराठी वाचकाने तरी स्वीकारू नये. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आले. त्याच्यामागे मर्फीचे इंग्रजी नाटक आहे आणि त्याच्याही मागे मोलिएर आहे, हे आपण शाळेतल्या टिपणवहीत लिहून घेतले. म्हणून फाल्गुनराव आपणांस परका वाटला काय? आपली रंगभूमी ज्या काळात जोमाने वाढली त्या काळी रूपांतर हा तिचा रोजचा व्यवहार होता, आणि त्यामुळे एक चांगली सवय आपल्या रसिकतेस लागली. वस्तू कोठून आली ह्यापेक्षा येथे आल्यावर तिचे काय झाले, हे विचारण्याची ती सवय होय.

हा प्रश्न ‘मिस्टर शिफ्टी’स विचारला की साम्याखाली दडलेला विरोध दिसू लागतो. ‘हॉटलाइन मायामी’ १९८९ सालच्या मायामीत घडते. त्याचा नायक प्राण्यांचे मुखवटे घालतो, दूरध्वनीवर आलेल्या गूढ निरोपांवरून घरांत शिरतो आणि आतल्या सर्वांस ठार करतो. मजला रिकामा झाला की इतका वेळ कानांत घुमणारे संगीत एकाएकी थांबते, आणि ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, स्वतःच पाडलेल्या प्रेतांमधून, खेळणाऱ्यास मुकाट्याने परत जावे लागते. त्या परतीच्या वाटेत त्या खेळाचे सारे सामर्थ्य आहे. आपण एवढ्या आनंदाने जे केले ते काय होते, असे तो खेळणाऱ्यासच विचारतो. म्हणजे तेथे हिंसा हा विषय आहे, आणि वेग हे खेळणाऱ्यास भुलविण्याचे साधन आहे.

‘मिस्टर शिफ्टी’त अशी परतीची वाट नाही, आणि तिची अपेक्षा करणेच चुकीचे ठरेल. येथे विषय आहे जागा. खोलीत बारा बंदुका एका बिंदूवर रोखलेल्या असताना त्या बिंदूवर आपण नसणे, एवढ्यातच येथील कौशल्य सामावले आहे. शिफ्टी बंदूक उचलीत नाही ही नैतिक प्रतिज्ञा म्हणून नव्हे, तर रचनेची गरज म्हणून. दुरून मारता आले असते तर जागा बदलण्यास अर्थच उरला नसता. पहारेकऱ्यांच्या गोळ्या त्यांच्याच सोबत्यांना लागतात, रॉकेट सोडणारा आपल्याच माणसांत स्फोट घडवतो. शहाणा खेळाडू शत्रूस मारण्यापेक्षा शत्रूंच्या मधोमध योग्य क्षणी उभा राहून योग्य क्षणी नाहीसा होण्यात अधिक रमतो. ज्यांची दर तीन-चार वर्षांनी बदली होते अशा वाचकांना ह्या विनोदाचा आस्वाद अधिक घेता येईल, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. असो. सांगावयाचे इतकेच की, एका खेळाने हिंसेविषयी प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने जागा व क्षण ह्यांच्या मेळाविषयी. दोहोंची चाल सारखी दिसते म्हणून दुसऱ्यास पहिल्याच्या मापाने मोजणे म्हणजे लावणी आणि पोवाडा दोन्ही डफतुणतुण्यावर गाता येतात म्हणून त्यांना एकाच प्रकारचे काव्य ठरविण्यासारखे आहे.

आता तिसऱ्या आक्षेपाकडे वळू, कारण खरा मुद्दा तेथेच आहे. पडद्यावर दर सेकंदास ठराविक संख्येने चित्रे उमटतात. ती संख्या तीस असो वा साठ, ती स्थिर राहिली तर डोळ्यांस अखंड गती भासते, आणि एकाएकी घसरली तर गती अडखळते. ‘स्विच’वर नेमके गर्दीच्या प्रसंगी हे घडू लागले, आणि परीक्षकांनी त्यावर टीका केली. दोष कमी करण्यासाठी पुढे दुरुस्त्याही झाल्या. ही टीका बहुधा ग्राहकाच्या तक्रारीच्या भाषेत होती; खेळ चांगला आहे, पण ह्या यंत्रावर घेऊ नका, दुसऱ्यावर घ्या, अशा थाटाची. कल्पना वेगळी, कथा वेगळी आणि तांत्रिक अंग वेगळे, असे तीन कप्पे करून गुण द्यावयाचे, ही तिची रीत. तांत्रिक कप्प्यात गुण कापले गेले आणि परीक्षक पुढे गेले.

आपल्याकडे तंत्र हा शब्द फडक्यांच्या ‘प्रतिभासाधन’ ह्या १९३१ सालच्या ग्रंथापासून बराच गाजला, आणि त्यावरून झालेल्या वादांत तंत्र म्हणजे कलेच्या बाहेरची कारागिरी की कलेचेच एक अंग, हा प्रश्न वारंवार निघाला. ह्या खेळाच्या बाबतीत त्याचे उत्तर संदिग्ध राहत नाही. शिफ्टीची झेप ही काळाच्या अत्यंत सूक्ष्म तुकड्यावर बेतलेली आहे. पहारेकरी बंदूक उचलतो आणि गोळी सुटते ह्यांच्या मधला अवकाश हीच खेळणाऱ्याची रंगभूमी. तो अवकाश कधी लांबला, कधी आखडला, तर खेळणाऱ्याने जे शिकून घेतले ते निरुपयोगी ठरते. तबलजीने ठेका धरला आहे, गवई तान घेऊन समेवर येत आहे, आणि ऐन वेळी ठेकाच दोन मात्रा मागे सरकला, तर त्यास आपण साथीचा किरकोळ दोष म्हणू काय? सम चुकली म्हणजे त्या आवर्तनापुरते गाणेच मोडले.

ह्या ठिकाणी आम्हांस मर्ढेकरांचे स्मरण होते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ हा त्यांचा ग्रंथ १९५५ सालचा, आणि त्यास पुढल्याच वर्षी, लेखकाच्या मृत्यूनंतर, साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांच्या लयबद्ध संघटनेत असते, आणि ही लय संवाद, विरोध व समतोल ह्या तीन तत्त्वांनी सिद्ध होते, हा त्यांचा सिद्धान्त. आकाशवाणीच्या नोकरीत गावोगाव फिरलेल्या ह्या टीकाकाराने हे खेळ पाहिले नाहीत. पण त्यांच्या परिभाषेत ‘मिस्टर शिफ्टी’ जितका नेमका उलगडतो तितका गुणांच्या कप्प्यांत उलगडत नाही. एका खोलीतील रचना दुसऱ्या खोलीत थोड्या फरकाने पुन्हा भेटते आणि शिकलेला हात तेथे आपोआप चालतो, हा संवाद. दाराआडची निश्चल टेहळणी आणि आत शिरताच उसळणारी धुमश्चक्री, हा विरोध. पाच झेपांची श्रीमंती आणि सहाव्या क्षणीचे दारिद्र्य ह्यांच्यातील तोल सांभाळावा लागतो, हा समतोल. हे तिन्ही संबंध काळातच अस्तित्वात येतात. म्हणून काळ अडखळला की बिघाड यंत्रात राहत नाही. तो कलाकृतीत शिरतो. परीक्षकांनी ‘चित्र अटकते’ असे लिहिले तेव्हा त्यांनी नकळत सौंदर्यविषयक निर्णयच दिला होता, आणि तो बरोबर होता.

हीच कसोटी दुसऱ्या आक्षेपास लावली म्हणजे पुनरुक्तीची तक्रारही नेमकी मांडता येते. नुसत्या संवादावर लय टिकत नाही. त्यास विरोधाची जोड हवी. ‘मिस्टर शिफ्टी’च्या पूर्वार्धात ही जोड आहे. नव्या प्रकारचा पहारेकरी येतो आणि आधीची सवय मोडतो. उत्तरार्धात मात्र रचनाकारांनी विरोध साधला तो बव्हंशी संख्या वाढवून, आणि काही ठिकाणी झेपेची शक्तीच काढून घेऊन. ज्या जागी नायकास झेप घेता येत नाही तेथे आव्हान वाढते हे खरे, परंतु खेळाचा विषयच तेवढ्यापुरता नाहीसा होतो. काही परीक्षकांना ह्या जागा त्रासदायक वाटल्या त्या केवळ कठीण होत्या म्हणून नव्हे, असे आम्हांस वाटते. ह्या कृतीचा खरा रचनादोष येथे आहे, तिच्या लांबीत नाही. थोड्या तासांत संपणे हा तर ह्या प्रकृतीच्या खेळाचा गुण मानावयास हवा. एकांकिकेस तीन अंकांची नाही म्हणून कोणी बोल लावीत नाही.

राहिला प्रश्न गावाचा. खेळात बेंगळूरुची एकही खूण नाही. ना रस्ता, ना भाषा, ना चेहरा. इमारत जगातल्या कोणत्याही महानगरात शोभावी अशी, आणि चित्रण अमेरिकन चित्रकथांच्या वळणाचे. ह्याउलट उदाहरण आपल्या पुण्याचे आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये आला. त्यात महाबलासुर आहे, दुर्गा व विष्णू ह्यांचे निवेदन आहे, आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपाने सांगितला आहे. त्यास त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळाले. परीक्षकांनी ‘राजी’चे वातावरण, वास्तुशिल्प आणि पुराणकथा ह्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली, झुंजीची घडण मात्र अनेकांस कच्ची वाटली. ‘मिस्टर शिफ्टी’चे झाले ते नेमके उलट. झुंजीची कल्पना वाखाणली गेली, आणि ती कोठे सुचली ह्याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

ह्या दोन निकालांवरून घाईने निष्कर्ष काढण्याचा धोका आहे. भारतीय खेळाने भारतीय वेशच धारण करावा, तरच जग त्याची दखल घेईल, असा एक निष्कर्ष निघेल, आणि तो आम्हांस घातक वाटतो. देशीपण वेशात असते असे मानले तर मराठी कवीने सह्याद्री सोडून लिहूच नये असे म्हणण्याची पाळी येईल. दुसरा निष्कर्ष असा की, गावाचा प्रश्नच गैरलागू आहे. तोही पूर्ण खरा नाही. ज्या शहरात हजारो हुशार हात परदेशी कंपन्यांचे काम वर्षानुवर्षे निनावीपणे करीत आले, तेथे काही माणसांनी स्वतःची एक कल्पना घेऊन ती शेवटास नेली, ह्यास अर्थ आहे. ज्याने मसुदा लिहिला त्याची सही खाली नसते, हा अनुभव आपल्या वाचकांना नवा नाही. ‘मिस्टर शिफ्टी’त मसुदाही त्यांचा आणि सहीही त्यांची. कृतीचे गुणदोष ह्याने बदलत नाहीत. पण ती कोणी वाचावयास हवी होती, हे ह्यावरून ठरते.

आणि वाचली कोणी? निन्टेन्डोचे ‘स्विच’ मार्च २०१७ मध्ये जगाच्या बाजारात आले, तेव्हा भारतात त्याची अधिकृत विक्री नव्हती. बेंगळूरुत रचलेला खेळ ज्या यंत्रावर सर्वाधिक चर्चिला गेला, ते यंत्र बेंगळूरुच्या दुकानात रीतसर मिळत नव्हते. हौशी लोक ते आडमार्गाने आणवीत. तीन वर्षांनी पुण्याचा ‘राजी’ही आधी ह्याच यंत्रावर आला. संगणकावर दोन्ही खेळ येथे खेळता आले हे खरे, परंतु निर्णयाचे पीठ दूर बसले होते आणि त्याने लावलेले नियम त्याच्या बाजाराचे होते. किंमत किती, तास किती, कोणत्या यंत्रावर घ्यावा, ह्या प्रश्नांभोवती फिरणारी टीका ग्राहकास उपयोगी पडते. कलावंतास तिच्यातून शिकावयास मिळते ते थोडे. पुढची कृती अधिक चांगली कशी करावी हे सांगण्यास लय, विरोध, संघटना ह्यांची भाषा लागते.

ती भाषा मराठीत आहे. सत्तर वर्षांपूर्वी ती घडविण्यासाठी आपल्या मासिकांची पाने खर्ची पडली, प्रसंगी कटुताही आली. ती आज केवळ विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांत उरावी, आणि शेजारच्या खोलीतील मुलाने आपला आनंद सांगण्यासाठी परक्या परीक्षकांची गुणपत्रिका उसनी घ्यावी, हे आम्हांस बरे वाटत नाही. ह्या मासिकाचे वाचक ज्या शहरांत नेमणुकीवर आहेत, त्या बेंगळूरुत, हैदराबादेत, दिल्लीत असे खेळ रचले जात आहेत. ते रचणाऱ्यांत मराठी मुले-मुलीही असतील. त्यांपैकी एखादा खेळ सुट्टीच्या दिवशी आपल्या घरातील जाणत्याकडून समजावून घेऊन स्वतः खेळून पाहावा, दहा वेळा मरावे, आणि मग त्याची लय कोठे साधली व कोठे तुटली हे मराठीत लिहून काढावे, अशी आमची सूचना आहे. असे लेखन ह्या पानांवर आले तर संपादक त्यास जागा देतील, ह्याविषयी आम्हांस शंका नाही.